चौथ्या तुकड्यातले ठिपके

९ जानेवारी २०२५

ही वही आपाची. पहिल्या चार पानांवर तिची गणितं आहेत. ती फाडू नको म्हणाली, म्हणून पाचव्या पानापासून माझं.

घरात आम्ही दखनी बोलतो, पण माझी शाळा कन्नड गावाला मामाकडं मराठीत झाली, त्यामुळं लिहायला बसलं की हात मराठीकडंच वळतो. शाळा म्हणजे बारावी. मग आयटीआय अर्धी. मग फर्दापूरच्या फाट्यावर पर्यटकांना स्फटिक विकले, मग घाटात जीप मारली, मग पुण्याला सहा महिने, ते लिहिण्यासारखे नाहीत. डिसेंबरात शहराच्या छावणी भागात, घरी परत आलो. अब्बांनी दुकानातला एक स्टूल पायानं माझ्याकडं सरकवला, तेवढंच.

खाली अब्बांचं चष्म्याचं दुकान, वर आम्ही. आपा म्हणजे अदीबा, माझी बहीण, माझ्याहून सात वर्षांनी मोठी. फिजिक्समधे पीएचडी, सहावं वर्ष चालू. तिला लॅबमधे दोनशे चाळीस फोटो मोजायला माणूस पाहिजे होता. तिच्या गाईड रूपाली मॅडम म्हणाल्या, कुणीही चालेल, फक्त नजर पाहिजे. आपानं माझं नाव सांगितलं. अम्मीला हसू आवरेना. "ये? ये तो एक जगा पे दो घंटे नै बैठता!"

आपा म्हणाली, "लॅबच्या वहीचा नियम ऐक. पान फाडायचं नाय. चुकलं तर गिरवून खोडायचं नाय. एकच आडवी रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे. आणि शेवटी सही, तारीख."

"माझ्या वहीवर सही कोण करणार?"

"करेल कुणीतरी. आधी एक पान तर पुरं कर."

हे झालं.

१२ जानेवारी

आपण काय मोजतोय ते आज आपानं स्कूटीवर समजावलं. मी मागं बसलेलो, वाऱ्यात अर्धंच ऐकू आलं, बाकीचं जेवताना परत विचारलं.

एका चकतीवर अणूंची इवलीशी ढेकळं उगवतात. क्वांटम डॉट म्हणतात त्यांना. आम्ही ठिपका म्हणतो. एका केसाच्या जाडीत अडीच हजार मावतील. त्यातल्या एकाला उजेडानं डिवचलं की तो प्रकाशाचे दोन कण सोडतो, एकामागोमाग एक. आणि ठिपका जर बरोबर गोल असला तर ते दोन कण गुंतलेले निघतात. म्हणजे एक इथं ठेवा, दुसरा मुंबईला न्या, इथला आडवा की उभा ते बघितलं की तिथल्याचं कळलं. उद्याची गुप्त संदेशांची यंत्रं ह्यावर चालणार, असं आपा म्हणते.

"आणि गोल नसला तर?"

"तर नुसते दोन कण. एकाच गल्लीत राहणारे, ओळख नसलेले."

"असं कसं?"

तिनं ताटात भाताचे दोन जिने केले. वरच्या मजल्यावरून खाली यायला दोन जिने, दोन्हीला मधे एकेक टप्पा. ठिपका गोल असला की दोन्ही टप्पे एकाच उंचीवर. उजेड कुठल्या जिन्यानं उतरला ते कुणालाच सांगता येत नाय, आणि सांगता येत नाय म्हणूनच कण गुंततात. ठिपका लांबट झाला की एक टप्पा जरा वर, एक जरा खाली. मग उजेडाचा रंगच चुगली करतो, हा ह्या जिन्यानं आला. चुगली झाली की गुंता सुटला. टप्प्यांमधल्या त्या फरकाला ती फट म्हणते. फट दोनतीनच्या आत पाहिजे. दोनतीन काय ते विचारलं नाय, एकक लई लांबलचक आहे.

अब्बा जेवता जेवता थांबले. "अरे, ये तो सिलिंडर नंबर है. बुबुळ गोल नसलं, एका बाजूनं दबलेलं असलं, की आडव्या रेघा एकीकडं दिसतात अन् उभ्या दुसरीकडं."

आपा त्यांच्याकडं बघतच राहिली. "तुमीच कर लेना था अब्बा पीएचडी."

अब्बा लाजले. अब्बांना लाजताना मी पहिल्यांदा बघितलं.

१५ जानेवारी

काम असं. अशा चकत्यांचे एकूण चार तुकडे आहेत, नखाएवढे. ज्या यंत्रात हे ठिपके पिकवले ते यंत्र आता कायमचं बंद झालं, त्यामुळं चारच. पाचवा होणार नाय. उजेड देणारे ठिपके आत गाडलेले असतात, ते दिसत नाहीत. पण वरच्या थरावर तसेच उघडे ठिपके मुद्दाम ठेवलेत. आपा त्यांना गाडलेल्यांचे भाऊ म्हणते. भावाचं तोंड बघून आतल्याचा अंदाज करायचा.

फोटो कॅमेऱ्यानं नाय काढत. एक सुई तुकड्यावरून ओळीओळीनं फिरते, आंधळ्या माणसाच्या बोटासारखी. वेळ वाचवायला आपानं पहिल्या तीन तुकड्यांवर एक सोडून एक ओळ काढली. म्हणून जागा चौकोनी असली तरी फोटो उघडला की चपटा दिसतो.

"कोपरा धरून खाली ओढ. चौकोन झाला की थांब. मग प्रत्येक ठिपक्याची लांबी घे, रुंदी घे, भागाकार लिही."

एक आला म्हणजे गोल. एकाच्या वर गेला तितका लांबट. चौघांत जो सगळ्यांत गोल निघेल त्याला घेऊन आपा मार्चमधे दक्षिणेतल्या एका मोठ्या संस्थेत जाणार. तिथं उणे दोनशे एकोणसत्तर अंशाचं यंत्र आहे, तिला बारा दिवस मिळालेत. तुकडा एकच न्यायचा, कारण एक बसवायलाच चार दिवस जातात. तीस एप्रिलला प्रबंध द्यायचा. मुदतवाढ दोनदा घेऊन झाली, तिसरी नाय.

म्हणजे माझ्या भागाकारावर सगळं. असं मी म्हटलं तर ती म्हणाली, "लई शहाणा. मोज."

१८ जानेवारी

पहिला तुकडा संपला. सरासरी १.३१. चांगलेच लांबट, आणि सगळे आडवेच लांब, जसे सगळे एकाच कुशीवर झोपलेत. आपा म्हणाली असंच असतं, खालच्या स्फटिकाची जी दिशा त्या दिशेला ते पसरतात. फर्दापूरला मी विकायचो त्या स्फटिकांचंही तसंच, एकाच अंगानं वाढायचे. एकदा एका जपानी बाईनं माझ्याकडून एक घेतला आणि तिथंच उन्हात धरून रडली. का रडली ते मला अजून कळलेलं नाय. असो.

आपानं माझे दहा फोटो स्वतः परत मोजून बघितले. दहाच्या दहा जुळले. "नजर अब्बांची आहे तुझ्याकडं," म्हणाली आणि मोजणीच्या सगळ्या पानांवर सह्या केल्या.

मला दिवसभर छान वाटत होतं.

२१ जानेवारी

दुसरा तुकडा १.०६! मॅडम खुर्चीतून उठल्या. तिसरा चालू आहे, दिसायला लांबटच.

आज नायट्रोजन बघितला. आपा मला चौथ्या तुकड्याबद्दल काहीतरी सांगत होती, सुईच्या यंत्राचं बुकिंग संपत आलं म्हणून त्याचे फोटो खालून कापून घेतले, खालची पट्टी नाय, ओळी मात्र पुऱ्या आहेत, असं काहीतरी. पण तेवढ्यात लॅबचे कडुबामामा नायट्रोजनची टाकी घेऊन आले. ओतला की जमिनीवर धूर पसरतो आणि थेंब पाऱ्यासारखे पळतात. मामानं खिशातून पेरू काढला, आत बुडवला, बाहेर काढून फरशीवर टाकला. काचेसारखा फुटला!

"आरं पोरा, लई माणसं ह्या लॅबमधी डाक्टर झाली," मामा म्हणाले, "पर पेरू फुटल्याव हसला नाय असा एक बी नाय बघितला."

मी त्याचा तुकडा उचलला, बोटाला चिकटला, अजून लाल आहे. आपा ओरडली. मग तीही हसली. मग ती तिच्या कामाला गेली.

२४ जानेवारी

तिसरा १.२२. चौथा सुरू केला. ह्याचे फोटो कमी चपटे आहेत, थोडंसंच ओढावं लागतं. एका झटक्यात चौकोन. काम पळतंय.

३० जानेवारी

चौथा तुकडा, साठ फोटो, सरासरी १.०२.

मी तीनदा भागाकार केला. आपाला कागद दिला. तिनं तो वाचला. मग खिडकीशी गेली, चष्मा काढून ओढणीनं पुसला. मॅडम आल्या, त्यांनी फोटो बघितले. गोल, गोल, सगळे गोल, तव्यावर सांडलेल्या पाण्यासारखे.

"अदीबा, हा तुझा तुकडा," मॅडम म्हणाल्या.

घरी अब्बांना सांगितलं. ते म्हणाले, "माशाल्ला." आणि मला म्हणाले, "तुने नापे?" मी हो म्हटलं. त्यांनी पाठीवर हात ठेवला, आणि बऱ्याच वेळानं काढला.

६ फेब्रुवारी

ठिपके अजून गोल व्हायला तुकडा भट्टीत जरासा भाजतात. फार नाजूक काम. चौथ्यावर करायच्या आधी हात बसायला पाहिजे. मॅडम म्हणाल्या, दुसऱ्यावर तालीम कर, तो चौथ्याच्या जवळचा आहे, खरा अंदाज येईल.

तालमीत दुसरा जास्त भाजला गेला. फाटलेल्या दुधासारखा दिसतो आता. आपा म्हणाली, हरकत नाय, म्हणूनच तर तालीम. मग चौथ्याला बेतानं, अगदी नावापुरती आच दिली. छान झाला.

दुसऱ्याला मामानं एका काचेच्या डबीत घालून कपाटावर ठेवलंय. टाकवत नाय म्हणाले.

४ मार्च

आपा गेली. रोजे चालू आहेत, तरी गेली. अम्मीनं खजुराचा डबा दिला. तुकडा तिनं डबीत, डबी रुमालात, रुमाल पर्समधे, पर्स मांडीवर. स्टेशनवर मी म्हटलं, "मी धरू का जरा?" तर म्हणाली, "नक्को रे बाबा, तू कुठं पेरू बघशील."

१४ मार्च

रोज इफ्तारच्या आधी आपाचा फोन येतो. आज पहिला ठिपका मोजला. फट एकसष्ट.

दोनतीन पाहिजे होती.

"एखादा असतो असा," म्हणाली. "शेकडो आहेत."

१६ मार्च

अठ्ठावन्न. चौसष्ट. साठ. एकोणसाठ.

अम्मी विचारते, कितने आए? मी सांगतो. तिला वाटतं जास्त आले म्हणजे चांगलं. काल तिनं साठवर अल्लाचा शुक्र मानला.

१८ मार्च

आपाचा आवाज बसलाय. बाहत्तर ठिपके झाले, एकही पन्नासच्या खाली नाय. कण निघतात, पण गुंतलेले नाहीत. एकाच गल्लीत राहणारे.

"फोटोत तर गोल होते ना रे?" तिनं मला विचारलं. मला!

"एकदम गोल होते आपा. मी तीनदा बघितलेत."

"हौ. मीही बघितलेत." मागून त्या यंत्राच्या पंपाची घरघर. इथं मशिदीतून अजान झाली. मी म्हटलं, "खजूर खा." ती म्हणाली, "संपले."

इथून मी काय करणार? कुरियरवाल्याला विचारलं, खजूर किती दिवसात पोचतील. चार म्हणाला. चार दिवसांनी ती इथंच असेल.

२३ मार्च

परत आली. बारीक झाली. अब्बांनी तिच्या चष्म्याच्या ढिल्या काड्या आवळून दिल्या, ती खुर्चीत बसूनच झोपली. तुकड्याची डबी मांडीवर. मी काढून घ्यायला गेलो तर झोपेतच मूठ आवळली.

२७ मार्च

वेगळंच काहीतरी झालं. मॅडम म्हणाल्या, हार मानू नको, विचार कर. वरचे भाऊ गोल आहेत, आतले लांबट असल्यासारखे वागतात. म्हणजे गाडताना, वरून थर चढवताना आकार बदलला असला पाहिजे, आणि तोही इतका? इतका बदल आजपर्यंत कुणी दाखवलेला नाय.

आपानं दक्षिणेतल्या त्या संस्थेच्या मोठ्या सरांना कळवलं. त्यांचं दोन तासांत उत्तर आलं. हे खरं असेल तर मोठी गोष्ट आहे, ह्यावर प्रकरण लिही, लेख लिही, आणि जूनपासून दोन वर्षं आमच्याकडं कामाला ये.

आपानं ते मला चारदा वाचून दाखवलं. मी म्हटलं, "म्हणजे गोल निघाले ते बरंच झालं की." ती म्हणाली, "तुझ्या साठ फोटोंवर उभं आहे हे सगळं, याह्या."

१ एप्रिल

काल ईद झाली. शीरखुर्मा दोनदा खाल्ला. आपा हिरवा सलवार-कुर्त्याचा जोडा घालून घरभर फिरत होती, मधेच बसून लॅपटॉपवर दोन ओळी लिहायची, परत उठायची. फूफी, म्हणजे आत्या, म्हणाली, अब तो इसकी शादी की बात करो. आपा म्हणाली, "फूफी, जूनमें मेरी शादी प्रयोगशाळेसे है." सगळे हसले. अब्बा सगळ्यांत जास्त.

मला मात्र पायात मुंग्या यायला लागल्यात. मोजायचं काम संपलं. एका टूर कंपनीला ड्रायव्हर पाहिजेत, अजिंठा-वेरूळ आणि पुढं गोव्यापर्यंत. बघू.

११ एप्रिल

ही नोंद कशी लिहू.

टूर कंपनीचा फॉर्म भरायला गल्लीतल्या ऑनलाइन सेंटरवर गेलो. तिथली मोनिका माझा फोटो चढवत होती. चौकट उंच, माझा फोटो जरा बुटका. तिनं कोपरा धरला आणि खाली ओढला. माझं तोंड घोड्यासारखं लांब झालं.

"ए बाई, हा मी नाय!"

"बसला ना चौकटीत? कोण बघतंय," ती म्हणाली.

"अगं फोटो वरून-खालून कापलेला आहे, तो ओढल्यावर तोंडच बदलणार ना."

मी हे बोललो. माझ्याच तोंडून आलं. आणि मग मी तिथं बसूनच राहिलो. मोनिका म्हणाली, "सॉरी, करते परत, एवढं काय त्यात." मी पैसे देऊन उठलो, फॉर्म तसाच राहिला.

१२ एप्रिल

सकाळी लॅबमधे कुणी नव्हतं, मामांनी दार उघडून दिलं. चौथ्या तुकड्याचे मूळ फोटो उघडले. रुंदीला पाचशे बारा बिंदू, उंचीला चारशे दहा ओळी. साठच्या साठ तसेच. ह्यांच्या ओळी गाळलेल्या नव्हत्या. ह्यांची जागाच कमी होती. ते चपटे नव्हतेच, ते कापलेले होते. मी त्यांना ओढून चौकोनी केलं, आणि आडवे झोपलेले ठिपके माझ्या हातानं उभे फुगले आणि गोल झाले.

न ओढता दहा मोजले. १.२७.

मग ही वही चाळली. एकवीस जानेवारी. "खालून कापून घेतले, खालची पट्टी नाय, ओळी मात्र पुऱ्या." माझंच अक्षर. खाली पेरूची गोष्ट.

तिनं सांगितलं होतं. मी लिहूनही ठेवलं होतं.

१४ एप्रिल

सांगितलं नाय. आपा प्रकरण लिहितेय, नऊ पानं झाली. मधेच मला हाक मारते, "ह्या वाक्यात जोर आहे का रे?" वाचून दाखवते. जोर आहे.

ते पान फाडलं तर? नियम आहे फाडायचं नाय, पण नियम तर चुकण्याआधीचा आहे. कपाटावरची दुसऱ्याची डबी दिसते मला. तो १.०६ होता. ते फोटो मी बरोबर ओढले होते. खरा गोल तोच होता, आणि तो आम्ही तालमीला वापरला.

१५ एप्रिल

सांगितलं तर तिचं जून जातं. नाय सांगितलं तर एक दिवस कुणीतरी तिचे फोटो मागेल, उघडेल, आणि चारशे दहा वाचेल. तेव्हा ती तिथं एकटी उभी असेल. मी गोव्याला.

जेवण जात नाय. अम्मी म्हणते, नजर लगी. मिरच्या उतरवून टाकल्या. ठसका लागला तेवढा.

१७ एप्रिल

दुकानात द्वारकाबाई आल्या होत्या, पाठीमागच्या गल्लीतल्या, निवृत्त शिक्षिका. आठ दिवसांपूर्वी नवा चष्मा नेला होता. आज सहज चष्म्याची दोरी घ्यायला आल्या. बोलता बोलता म्हणाल्या, "इब्राहीमभाई, पहिले दोन दिवस फरशी उतरती वाटायची हो. आता सरावलेय, आता सरळ दिसते."

अब्बांनी लगेच चष्मा त्यांच्या नाकावरून काढूनच घेतला. यंत्रावर लावला. सिलिंडरची काच दहा अंश फिरलेली, अब्बांच्याच हातून.

"राहू द्या हो, सवय झालीय मला," बाई म्हणाल्या.

"तुम्हाला झाली मॅडम. फरशीला नाही झाली," अब्बा म्हणाले. "दोन दिवस जुना वापरा. गलती मेरी है."

बाई कुरकुरत गेल्या. अब्बा काच काढायला बसले. मी विचारलं, "अब्बा, त्या तर खुश होत्या. गप्प बसायचं होतं."

ते चिमट्यातल्या काचेतून बघत म्हणाले, "जिन्यावर पडली असती ना बेटा एखाद दिवशी. आणि डोळ्याला शिव्या दिल्या असत्या."

१८ एप्रिल

आपाला वही दिली. सकाळी, लॅबमधे, मॅडम यायच्या आधी. तोंडानं सांगणं होईना म्हणून एकवीस जानेवारीचं पान उघडून दिलं आणि त्याच्यावर चारशे दहा लिहिलेली चिठ्ठी ठेवली.

तिनं उभ्याउभ्याच वाचलं. मग बसली. मला वाटलं पेरूचं वाचून ओरडेल. ओरडली नाय.

"न ओढता किती?"

"१.२७."

"सगळे?"

"दहा मोजले. दहाही तसेच."

तिनं तिचा आलेख उघडला. दुसऱ्या लोकांनी मोजलेले जुने ठिपके एका तिरक्या रेघेवर बसलेले, जितका लांबट तितकी फट मोठी. आपला चौथा तुकडा एकटाच रेघेच्या बाहेर, वर लटकलेला. तोच तिचा शोध होता. तिनं त्याचा आकडा बदलला. ठिपका सरकला आणि रेघेवर जाऊन बसला, बाकीच्यांच्या मधोमध. आता शोधूनही सापडेना.

"आता सगळं जुळतं," ती म्हणाली.

"मग चांगलंच ना?"

"जुळतं म्हणजे हे सगळ्यांना आधीच माहीत आहे, याह्या. ह्यात माझं काय?"

मी म्हटलं, "आपा, शिव्या दे. मार."

"सह्या माझ्या आहेत सगळ्या पानांवर. दहा तपासले आणि पुढच्या सगळ्यांवर सह्या केल्या." तिनं कपाटावर बघितलं, दुसऱ्याच्या डबीकडं, आणि लगेच नजर काढून घेतली. "त्याचं अम्मी-अब्बांना नको सांगू. बाकीचं मी सांगते."

मग ती मॅडमच्या खोलीत गेली. दार लागलं. मी बाहेर बाकावर. कडुबामामा शेजारी येऊन बसले. त्यांना काय कळलं होतं कुणास ठाऊक.

"पेरू हाय एक," म्हणाले. "टाकू का नायट्रोजनमधी?"

मी नको म्हटलं. त्यांनी तो दोघांत कापला. दोघांनी खाल्ला. मीठ नव्हतं.

२० एप्रिल

मोठ्या सरांचं उत्तर आलं. प्रामाणिकपणे कळवल्याबद्दल आभार, जूनचं सध्या थांबवू या, शुभेच्छा. आपानं एकदाच वाचलं. अब्बांनी विचारलं, "क्या बोले?" ती म्हणाली, "अच्छा बोले."

टूर कंपनीचा दोनदा फोन. गुरुवारी रुजू व्हा म्हणतात.

मी काय केलं म्हणजे हे परत नीट होईल, ते कुणीच सांगत नाय. विचारलं तर म्हणतात, जाऊ दे. आपा तर नुसतं चहा पितोस का विचारते. चहा करून देते आणि समोर बसते. ती अशी चांगली वागते तेव्हा मला जिना उतरून पळून जावंसं वाटतं.

२१ एप्रिल

मॅडमनी सांगितलं, तीसच्या आत प्रबंध देता येईल. ते प्रकरण साधं करून लिही, शोध नाय, नुसती मोजणी. पण आता दोनशे चाळीस फोटो पहिल्यापासून परत मोजले पाहिजेत, सगळे, एकही न गाळता. नऊ दिवस.

आपा म्हणाली, "बघते मी."

"तू लिहिणार कधी मग?"



२२ एप्रिल

अठराला परत मिळाल्यापासून ते पान मी उघडलंच नव्हतं; काल रात्री आपानं ही वही परत मागून नेली, आज माझ्या टेबलावर ठेवलेली सापडली. उघडली. एकवीस जानेवारीच्या पानावर काहीही खोडलेलं नाय, रेघसुद्धा नाय. खाली फक्त सही. अदीबा इब्राहीम, १८-४-२५.

आणि मधे घडी केलेला कागद. "चौथ्यापासून सुरू कर. खिडकीकडं पाठ करून बस."

टूर कंपनीचा फोन वाजतोय. वाजू दे.

चौथा तुकडा. फोटो १. ओढला नाय.
ठिपका १: लांबी ३८, रुंदी ३०. लांबट.
ठिपका २: लांबी ३६, रुंदी २८. लांबट.
ठिपका ३: लांबी ३७, रुंदी २९. लांबट.
ठिपका ४